ढिगातली स्टिक

तळं गोठून महिना झाला की रविवारी दुपारी सगळं गाव त्यावर उतरायचं. बर्फावरची हॉकी खेळणारे मधे, बघणारे काठाला. मार्लिस गेली दोन वर्षं काठाला होती. पायात स्केट असायचे, पण ते घसरगाडी ओढण्यापुरते. गाडीत ब्लँकेटांच्या गुंडाळीत तिची तान्ही टेस, नाकाचा शेंडा तेवढा उघडा.

काठावरून सगळा खेळ तिला तळहातासारखा दिसायचा. कोण मोकळा आहे, चकती कुठे जायला हवी, हे तिला खेळणाऱ्यांच्या आधी कळायचं. नवरा डार्सी चुकला की ती बसल्या जागेवरून त्याचा उद्धार करायची. बघण्यातही खेळणं आलंच की, असं ती सासूला सांगायची. आणि पहाटे बाळाला पाजताना पांघरुणाखाली तिचे पाय आपोआप वळणं घेत राहायचे.

त्या रविवारी लेकीला पाजायला ती बाकावर टेकली. घसरगाडीची दोरी अडकवायची तिची जुनी स्टिक तिने खाली बर्फावर ठेवली. बाकीच्यांच्याही तिथेच पडल्या होत्या.

सत्तरी उलटलेला ऑरेस्ट आला, सगळ्या स्टिक कवेत घेऊन गेला आणि त्याने तळ्याच्या मधोमध ढीग घातला. मग टोपी डोळ्यांवर ओढून, गुडघ्यांवर बसून तो एक डावीकडे, एक उजवीकडे भिरकावू लागला. गावात संघ असेच पडायचे. निवडानिवड नाही, त्यामुळे रुसवेफुगवेही नाहीत. आणि नियम ऑरेस्टच्याही आधीचा: ज्याची स्टिक ढिगात, तो खेळात.

शेवटची डावीकडे घरंगळली. ती कुणी उचलेना.

मार्लिसने काठावरूनच हात हलवला. चुकून गेली, म्हणाली. बाळाचं कारण सांगितलं, मग गुडघ्याचं. बाळंतपणानंतर हे अंग आपलं राहिलंय की नाही याचीच तिला खात्री नव्हती, ते मात्र सांगितलं नाही.

ऑरेस्टने टोपी वर सरकवली. "पोरी, डोळे मिटून टाकलीय मी. आता माझंही काही चालत नाही."

डार्सीने तोवर टेसला तिच्या मांडीवरून उचललंही होतं. "जा की. दोन वर्षं मला अक्कल शिकवतेयस, जरा करून दाखव. मी बसतो इथे."

ती आत गेली आणि तळं नाहीसं झालं. उरलं ते दोन हातांपुरतं पांढरं, स्वतःचा श्वास, आणि पात्यांची सरसर. कोण मोकळं आहे, काही दिसेना. माणसं धुक्यातून यावीत तशी येत, रंगीत स्वेटर होऊन बाजूने वाहून जात. एकदा चकती तिच्या स्टिकला लागली. आपल्याच पोटात काही हललं असं तिला वाटलं, टेस हलायची तसं. काय करायचं हे सुचेपर्यंत कुणीतरी ती हळूच काढून नेली. काठावरून हेच बघितलं असतं तर तिने कपाळावर हात मारला असता. इथे तिला हसू आलं. किती गोल झाले, कुणाचे झाले, तिला माहीत नव्हतं. खालून बर्फ मधूनच खोल कण्हत होतं. ते कानांना नाही, पायांना ऐकू येत होतं.

मग पाय सटकला. ती पाठीवर आपटली आणि तशीच सरकत गेली. वर दुधी आभाळही तिच्याबरोबर सरकलं, मग दोघंही थांबली.

खेळ थबकला. डार्सी बाळाला छातीशी धरून घसरत, धडपडत आला. ऑरेस्ट वाकला. "लागलं का? बदली करायची? नवरा तयार आहे तुझा."

टेसने आईकडे हात पसरले. मार्लिसने पडल्या पडल्या लेकीची इवलीशी मूठ धरली, हातमोज्यावरूनच तिचा मुका घेतला आणि सोडली.

"चकती कुणाकडे आहे?" तिने विचारलं, आणि ती गुडघ्यांवर उठली.