ऐकणारीने वाचायला घेतलं

छापखान्याच्या मागच्या खोलीत दोघी नणंद-भावजया समोरासमोर बसून प्रुफं तपासत. वन्सं मूळ मजकूर मोठ्याने वाचायच्या, स्वल्पविरामासकट. वहिनी ऐकत ऐकत प्रुफावर पेन्सिल फिरवायची. "या दोघी भांडल्या तरी पूर्णविराम देऊन भांडतील," असं मालक म्हणायचे.

आठवडाभर वहिनीचं डोकं दुखत होतं, उजव्या कानाला दडा बसला होता. सर्दी असेल म्हणून तिने चक्क कानाडोळा केला. मग एके सकाळी वन्संचा आवाज दूर दूर जाऊ लागला. आधी शेजारच्या खोलीतून आल्यासारखा, मग विहिरीच्या तळातून. आपला डोळा लागतोय असंच तिला वाटलं. दुपारी वन्संचे ओठ नुसते हलत होते आणि खोलीत पिंजलेल्या कापसासारखी शांतता उतरत होती.

कानाच्या डॉक्टरांना कानात काही सापडलं नाही. पुढे डोक्याची तपासणी झाली, पाठीच्या कण्यातलं पाणी काढलं. सहा वर्षांपूर्वी वहिनीच्या छातीतून काढलेला कॅन्सर आता मेंदूच्या आवरणावर पसरला होता; ऐकण्याच्या नसा त्या आवरणातूनच जातात. डॉक्टरांनी सगळं कागदावर लिहून दिलं. वहिनीने ते शांतपणे वाचलं आणि सवयीने एक वेलांटी दुरुस्त केली. वन्सं बाहेर जाऊन रडून आल्या.

औषधांनी डोकेदुखी उतरली, कान मात्र परतले नाहीत. वहिनी घरी दिवसभर खिडकीशी पडून असे. माणसं मासोळ्यांसारखी आवाज न करता येत-जात.

"वन्सं," एक दिवस ती म्हणाली, "मला ऐकू येत नाही, वाचता तर येतं ना? मी वाचते, तुम्ही तपासा."

वन्सं प्रुफं घरी आणू लागल्या. तिला स्वतःचा आवाजही ऐकू येत नव्हता. तो चढला की वन्सं तिच्या गुडघ्यावर हात दाबायच्या, बुडाला की चिमटा काढायच्या. "अगं आई गं! हळू, वन्सं!" वहिनी ओरडायची आणि दोघी हसत सुटायच्या.

असे तीन महिने गेले. एका दुपारी ओळी तिच्या डोळ्यांपुढे तरंगू लागल्या.

"अर्ध्या वाक्यात थांबले तर चालेल?" तिने विचारलं.

वन्संनी होकारार्थी मान हलवली आणि कागद तिच्या हातातून अलगद घेतला.

पुढच्या आठवड्यात वहिनी गेली. मालकांनी वाचायला दुसरी बाई देऊ केली. वन्सं नको म्हणाल्या. त्या पुस्तकाची उरलेली सोळा पानं त्यांनी एकटीने तपासली, फार सावकाश.