तीन बोटं जास्त

मी मोजणीची साखळी बोलतेय. गळ्यातली नाही, दाराची नाही आणि कुत्र्याची तर मुळीच नाही. शंभर फूट लांब, शंभर कड्यांची, दर दहा कड्यांमागे एक पितळी बिल्ला. पूर्वी रस्ता काढायचा असो की कालवा, आधी मला जमिनीवर अंथरायचे. आता संग्रहालयात काचेच्या पेटीत वेटोळं करून ठेवलंय. लोक माझ्यावर एक नजर टाकतात आणि शेजारच्या तलवारीकडे वळतात. तिने काय दिवे लावलेत कोण जाणे, पण गर्दी तिच्याचकडे!

आम्हा साखळ्यांची एक खोड असते. ताण पडला की कड्यांची तोंडं उघडतात आणि आम्ही लांबतो. म्हणून रोज कामाआधी आम्हाला तपासावं लागतं. माझा साखळीवाला यात एक दिवस चुकला नाही. नदीकाठी तळ पडला त्याच दिवशी त्याने बरोबर शंभर फुटांवर दोन खुंट्या ठोकल्या. रोज सकाळी मला त्यांच्यामध्ये ताणून धरायचा आणि म्हणायचा, "चला बाई, बरोबर आहात." मला अहो-जाहो करणारा जगात तो एकटाच.

त्या नदीवर लोखंडी पूल व्हायचा होता. मोजणीचे साहेब मनाने वाईट नव्हते, पण घाई त्यांच्या पाचवीला पुजलेली. एका दुपारी त्यांची गाडी नदीच्या वाळूत रुतली. दोर काही सापडेना.

"साखळी बांधा," साहेब म्हणाले.

"साहेब, ही मोजायची साखळी आहे, ओढायची नव्हे."

"मग मी इथेच संसार मांडू का?"

बांधली मला. आठ जणांनी जोर लावला. गाडी निघाली आणि माझ्या कडीकडीतून कळ गेली.

दुसऱ्या दिवशी साखळीवाल्याने मला खुंट्यांमध्ये धरलं, तर मी तीन बोटं बाहेर! त्याने पुन्हा ताणून पाहिलं, पुन्हा बोटं लावली. मग तडक साहेबांच्या तंबूत गेला.

"साहेब, साखळी तीन बोटं वाढलीय. दर साखळीमागे तेवढं जास्त धरून लिहू या."

"आणि कशाने वाढली म्हणून लिहू? माझी गाडी ओढली म्हणून? तीन बोटांनी काही आभाळ कोसळत नाही. नदीला पाणी यायच्या आत मोजणी आटपा."

माप लांबलं की मोजलेलं अंतर आखूड भरतं, एवढं साधं आहे हे. या काठापासून त्या काठापर्यंत मला सात वेळा अंथरलं आणि वहीत चढलं, सातशे फूट. खरं अंतर जास्त होतं. मला ठाऊक होतं, साखळीवाल्याला ठाऊक होतं आणि साहेबांनाही ठाऊक होतं. पण त्या वहीत लिहायचा अधिकार एकट्या साहेबांचा होता.

वर्षभराने दूरच्या कारखान्यातून पुलाच्या तुळया तयार होऊन आल्या. एकेक करत जोडत नेल्या, तर शेवटची पलीकडच्या काठावरच्या दगडी ओट्यावर टेकेचना. एकवीस बोटं तोकडी! साखळीवाल्याची बायको त्याचा डबा घेऊन आली होती. तिने तिथेच बोटांवर हिशेब केला. "सात त्रिक एकवीस! अहो, तुम्ही म्हणाला होतात तस्संच झालं की! आता तरी ऐकतील तुमचं."

कसलं ऐकतात! चौकशीत साहेबांनी सांगितलं, की शेवटचं माप साखळीवाल्याने चुकीचं वाचलं. तो हात जोडून एकच मागत होता, "एकदा साखळी मोजून बघा हो."

चौकशीचे मोठे साहेब म्हणाले, "साखळीने मोजतात रे. साखळी कोण मोजतं?" सगळे हसले. मी त्याच खोलीत खिळ्याला लटकत होते. पाच पावलांवर! कुणी नुसता हात लांब केला असता तरी पुरे होतं. त्याची नोकरी गेली. पुलाच्या इतिहासात छापलं गेलं, 'साखळीवाल्याच्या गफलतीमुळे काम रखडले.' गावाने त्याचं नाव तोकडा ठेवलं. मग बायको तोकडीण आणि घर तोकड्यांचं.

मी मात्र कोठारात गंजत पडले. गेल्या वर्षी संग्रहालयाच्या अधिकाऱ्यांनी मला बाहेर काढलं आणि एका कारागिराकडे दिलं. त्याने एकेक कडी आवळून मला पुन्हा बरोबर शंभर फुटांची केली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. वाटलं, चला, मरायच्या आधी आपला खोटेपणा तरी गेला. पुढे ते अधिकारी बदलून गेले. दुरुस्तीचं कुठे काही लिहून ठेवलं नाही.

आणि मागच्या महिन्यात एक बाई आली. शाळेत शिकवणारी, चाळिशीची, हातात लांब मोजपट्टीची गुंडाळी. नव्या अधिकाऱ्यांना म्हणाली, "मी तोकड्यांची. म्हणजे आडनाव वेगळं आहे, पण ते गावात कुणी घेत नाही. त्या साखळीवाल्याची मी पणती. आमच्या घरी चार पिढ्या सांगत आलेत, साखळी तीन बोटं जास्त होती. आई आता अंथरुणाला खिळलीय, तिच्यासाठी मोजू द्याल का एकदा?"

भला माणूस. त्याने लगेच पेटी उघडली. मला व्हरांड्यात अंथरलं, दोघांनी दोन टोकं धरली. अगं थांब, नको मोजू, असं मी कडीकडीने ओरडत होते. पण लोखंडाचं ओरडणं म्हणजे नुसतं खळखळणं.

"शंभर फूट. एकदम चोख!" अधिकारी कौतुकाने म्हणाले.

तिने पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा मोजलं. मग भिंतीला टेकून खाली बसली आणि फोन लावला.

"आई, मोजली गं. बरोबर आहे साखळी."

पलीकडून एक थकलेला आवाज आला, "म्हणजे आजोबांचंच चुकलं होतं?"

"हो गं आई."

मला गुंडाळून परत काचेत ठेवलं. तिने जाताना मोजपट्टी तिथेच खुर्चीवर विसरली. तुम्ही माणसं आहात, तुम्हाला जीभ आहे. ती कुठे भेटली तर तिला सांगा हो, तिच्या आईच्या कानावर घाला. म्हातारीला फार दिवस नाहीत. म्हणावं, तुझ्या आजोबांचं काही चुकलं नव्हतं गं, मी लांब होते.