प्रस्तावित मजला

जळगावात बळीराम पेठेतल्या एका माडीवर बसून बन्सीलाल नारखेडे खान्देशभरच्या खोल्या गार करायचा. कागदावर, अर्थात. नकाशा आला की पट्टी लावून भिंती मोजायच्या, पश्चिमेला कुठली भिंत, काच किती, आत माणसं किती, दिवे किती, सगळं तक्त्यावरून मांडायचं आणि खाली लिहायचं : इतक्या टनाचं मशीन. साल एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. जागा बघायला मात्र तो कधी जात नसे. एक तर एसटीत त्याला मळमळायचं. आणि ज्याला नकाशा वाचता येत नाही त्याने खुशाल जागेवर जावं, असं तो चारचौघांत ऐकवायचा. फुशारकीच ती, पण दहा वर्षांत आकडा चुकला नव्हता, म्हणून लोक ऐकून घेत.

धुळ्याच्या गिरधरशेठचं एसी बसवून द्यायचं दुकान होतं. त्याने डॉक्टर प्रमिलाबाईंच्या दवाखान्याचा नकाशा धाडला. ऑपरेशनची खोली गार करायची होती. बन्सीलालने दीड टन लिहून दिलं, जानेवारीत मशीन बसलं आणि झकास चाललं. एप्रिल लागला तशी खोली तापायला लागली. टाके घालताना बाईंचा घाम पेशंटच्या अंगावर टपकायची वेळ आली, तेव्हा त्यांनी ऑपरेशनं पुढे ढकलली आणि शेठला बोलावून चांगलं झाडलं. शेठने आपल्या मेकॅनिकला, चिंधाला, हुकूम सोडला : जुना गॅस काढ, नवा भर. चिंधाने भरला. खोली तापलेली ती तापलेलीच. मग नवा गॅस गेला कुठे? चिंधाने बाहेर विकला, असं शेठने ठरवून टाकलं. त्याला दुकानातून हाकललं आणि शिरपूरपासून दोंडाईच्यापर्यंत धंद्यातल्या एकूणएक माणसाला गॅसचोर म्हणून त्याचं नाव सांगितलं. आठवडाभरात चिंधाला कुणी दारात उभं करेना.

तो चिंधा एका दुपारी बन्सीलालच्या माडीवर येऊन उभा राहिला. चाळिशीचा, हडकुळा माणूस. बस म्हटलं तरी बसला नाही.

"भाऊ, गॅस मी पुरा भरेल शे. मशीन बी चांगलं शे. तरी खोली थंडी व्हत नही. तुम्हना हिशोब एकदाव देखी ल्या. तुम्हनं शेठ ऐकस."

आपल्या हिशेबावर कुणी बोट ठेवलं की बन्सीलालला राग यायचा. त्याने नकाशा काढून टेबलावर पसरला. "हे बघ चिंधा. ही खोली. ही उत्तरेची भिंत. आणि वर डॉक्टरीणबाईंचं राहतं घर. म्हणजे छताकडून उन्हाचा प्रश्नच नाही."

चिंधा नकाशाकडे नाही, बन्सीलालच्या तोंडाकडे बघत राहिला. "वर घर कोठे शे, भाऊ? वर ते नुसता स्लॅब शे. सळया उभ्या शेतस, त्यासवर दवाखानान्या चादरी वाळत घालतस."

बन्सीलालने चष्मा पुसला आणि कागद जवळ ओढला. वरच्या मजल्याच्या आकृतीखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'प्रस्तावित'. शेजारी नगरपालिकेचा गोल शिक्का. आता, दोन मजले मंजूर करून घ्यायचे, एकच बांधायचा आणि पुढेमागे पोरं मोठी झाली की बघू म्हणून सळया वर काढून ठेवायच्या, हे खान्देशात कुणाला माहीत नाही? खुद्द बन्सीलालच्या घरावर अशा सळया होत्या. तरी शिक्का बघून तो छताच्या रकान्यात शून्य मांडून मोकळा झाला होता. आणि उघड्या स्लॅबवर उन्हाळ्याचं ऊन! एकट्या छताचाच अर्ध्या टनाहून जास्त उष्णतेचा भार; दीड टनाचं मशीन त्याला पुरणार कसं? आकडा मनात क्षणात जुळला आणि त्याने घाईने नकाशाची गुंडाळी केली.

"काय व्हयनं, भाऊ?"

"काही नाही," बन्सीलाल म्हणाला. "बघतो मी. शेठला लिहितो."

चिंधा वाकून पाया पडला. बन्सीलालने पाय मागे घेतले नाहीत.

त्याने लिहिलं नाही. पहिल्या दिवशी हिशेब पुन्हा केला. दुसऱ्या दिवशी फोनच करू म्हणाला, तिसऱ्या दिवशी लाइन लागली नाही याचं त्याला बरं वाटलं. दहा वर्षांचं नाव एका शून्यापायी घालवायचं त्याच्या जिवावर आलं होतं. नवव्या दिवशी मात्र त्याला स्वतःचीच इतकी लाज वाटली की तो उठला आणि धुळ्याच्या गाडीत बसला. एरंडोलला एकदा आणि पारोळ्याला एकदा ओकला, पण पोहोचला.

दुकानासमोर चिंधा हातगाडीवर नवं मशीन चढवत होता. त्याला बघून बन्सीलालचा जीव भांड्यात पडला. "अरे, घेतलं का परत? कळलं ना शेठला खरं काय ते?"

चिंधाने त्याला बाजूला ओढलं. "मी कबूल करी टाकं, भाऊ. चार लोकसमोर शेठना पाय धरात. सांगं, गॅस मीच इका, चुकी व्हयनी. मंग ठेवं परत."

"पण तू विकला नव्हतास!"

"आठ दिन तुम्हनी वाट देखी."

बन्सीलाल दुकानाकडे वळला. "मी आत्ता जाऊन शेठला सांगतो. चूक माझी आहे."

चिंधाने त्याचं मनगट धरलं. "सांगू नका, भाऊ. आते सांगशात ते शेठ खोटा पडी. खोटा पडना का माले काढी दी. मी चोर शे तोवर मनी नोकरी शे."

इतक्यात गिरधरशेठ पायऱ्या उतरून आला. "नारखेडे! तुम्ही आणि धुळ्यात? बरं झालं. बाईंच्या समाधानासाठी आणखी एक मशीन लावून टाकतोय. तुमच्या हिशेबात काही खोट नव्हती हो, आमच्याच माणसाने घाण केली." बन्सीलालने मान डोलावली.

शेठने बन्सीलालला दवाखान्यात नेलं, बाईंशी गाठ घालून दिली आणि तो दुकानात परतला. दुसरं मशीन बसलं. पहिल्यात 'चोरलेला' गॅस भरून द्यायचा राहिला होता. प्रमिलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हाच ना तो?" त्यांनी विचारलं. "नारखेडे, तुम्ही शिकलेले, भरवशाचे. हा गॅस भरेपर्यंत इथून हलू नका. माझ्या माणसांना यातलं काही कळत नाही."

नर्सने स्टूल आणून दिलं. बन्सीलाल बसला. मशीन गच्च भरलेलं आहे हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. चिंधाने मुकाट्याने तो चांगला गॅस फुस्स करून सोडून दिला, सिलिंडर आणि दाबाचा काटा जोडला आणि पुन्हा भरायला घेतला. मान वर न करता म्हणाला, "काटा देखी ल्या, भाऊ."

"गॅस मशिनातच जातोय ना?" बाईंनी दारातून विचारलं.

"हो," बन्सीलाल म्हणाला. "माझं लक्ष आहे त्याच्यावर."