पथ्याची पेज

मी एक जुने यकृत आहे. पेणजवळच्या गडब गावातल्या मृणालीच्या उजव्या बरगड्यांआड बसून बेचाळीस वर्षे काम करते आहे. मित्रांनो, हृदयाला धडधडता येते, पोटाला गुरगुरता येते. मला साधे दुखतासुद्धा येत नाही, म्हणून माझ्याकडे कोणी बघत नाही. याचा मला राग आहे.

मृणाली आईच्या पोटात होती तेव्हा तिचे रक्त मी बनवले. पुढे ती रोह्याच्या एका कंपनीत लागली. शिफ्ट, अवेळी जेवण, गोड चहा, वडापाव. जास्तीची चरबी माझ्या अंगात साठत गेली आणि मी सुजले. पेणच्या डॉक्टरांनी तसे सांगितले, तेव्हा शेजारणी कुजबुजल्या, ही पिते की काय? बिचारीने दारूचा वासही घेतला नव्हता.

साखर वाढली, वजन हटेना, तेव्हा तिचे पोट लहान करायची शस्त्रक्रिया झाली. मला हळूच बाजूला सारून डॉक्टरांनी काम उरकले. पुढे साखर उतरली, चरबी झडू लागली, माझी सूज ओसरली. कित्येक वर्षांनी मला हलके वाटले.

पण घरी सासू धोंडुबाई होती. मिठागरात जन्म गेलेली, सुनेवर जीव टाकणारी बाई. "टाके हायत तवर म्हावरं नाय, अंडं नाय. टाके पिकतात," ती म्हणाली. टाके सुकले, तरी पथ्य संपले नाही. डॉक्टरांनी दिलेली ताकदीची पावडर गरम पडेल म्हणून फडताळातच राहिली. सकाळ-संध्याकाळ नुसती तांदळाची पेज. मृणाली भराभर वाळली आणि जो तो कौतुक करू लागला. "काय बारीक झालीस गो!" हे ऐकून ती खुलायची आणि पेजही अर्धी ठेवायची. इकडे अंगातली चरबी एकदम माझ्याकडे येत होती, आणि प्रथिनांवाचून ती उपसायला माझ्यात बळ नव्हते. मी पुन्हा सुजले. मला फार भीती वाटत होती.

केस गळाले, पाय सुजले, तेव्हा ती धोंडुबाईला घेऊन डॉक्टरांकडे गेली.

"खाता काय?" त्यांनी विचारले.

"पेज. पथ्य कडक पाळलंय," मृणाली अभिमानाने म्हणाली.

"हे पथ्य नाही, उपासमार आहे. यकृत निबर व्हायला लागलंय. मासे, अंडी, डाळ आजपासून सुरू करा."

घरी येऊन धोंडुबाईने मासा उकडला आणि ती काटे काढत बसली.

"माज्या हातानं उपाशी ठेवली गो तुला," ती म्हणाली. "खा."

मृणालीने एकच घास पुष्कळ वेळ चावून खाल्ला.

तो माझ्यापर्यंत पोचला. मी कामाला लागले आहे. निबर झालेला भाग पुन्हा मऊ होईल की नाही, हे मलाही ठाऊक नाही. मित्रांनो, तुमच्या घरी कोणाची अशी शस्त्रक्रिया झाली, तर 'किती बारीक झालीस' म्हणण्याआधी 'आज काय खाल्लंस' एवढे विचारा. माझ्याकडून हाक येणार नाही.