सव्वाशेच्या आतबाहेर

इंदापुरात हायवेला लागून माझं पत्र्याचं शेड आहे. जुने ट्रॅक्टर घेतो, दुरुस्त करतो, रंग मारतो, विकतो. तेवीस वर्षं हेच चाललंय. लोक मला गुलजारमिस्त्री म्हणतात, आणि ट्रॅक्टरमधलं मला न कळणारं फारसं काही उरलेलं नाही. विमानातलं मात्र ओ की ठो कळत नाही, आणि माझी एकुलती एक मुलगी रुक्सार बारामतीला विमान चालवायला शिकते.

तिच्या तासांचा घोळ तर माझ्या डोक्यात कधी शिरलाच नाही. ट्रॅक्टरला मीटर असतं. इंजिन किती तास चाललं ते त्यात दिसतं. तास कमी तितका ट्रॅक्टर ताजा आणि तितकं गिऱ्हाईक खूश. रुक्सारचं सगळं उलटं. विमान कंपनीत नवा पायलट म्हणून जायचं तर आधी लायसन हवं, आणि लायसनसाठी कमीत कमी दोनशे तास उडवलेलं हवं. मी विचारलं, दोनशे झाले की संपलं का? तर नाही, पुढं कॅप्टन व्हायला पंधराशे लागतात. बरं, मग दोनशेवालीच्या विमानात लोक बसतात कसे? तर शेजारी कॅप्टन असतो. मला काही हे पटेना. दोनशे तासांच्या ट्रॅक्टरच्या सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नसतं.

वहिदा, म्हणजे माझी बायको, म्हणाली की तुम्ही माणूस आणि मशीन एकाच पान्यानं खोलायला बघता. बरोबर असेल तिचं. पण दुसरा पाना माझ्याकडं नाही.

मंगळवारी सकाळी रुक्सारनं फोन करून सांगितलं की तिचे एकशे एक्क्याण्णव तास झाले. बारामतीचे आप्पासाहेब म्हणून एक निवृत्त कॅप्टन एका विमान कंपनीसाठी नव्या मुलामुलींची यादी करत होते. महिनाभरात ज्यांचे दोनशे तास पुरे होणार, त्यांनाच कंपनीच्या परीक्षेला बसायला मिळणार होतं. रुक्सारनं फॉर्म भरला होता आणि घरचा नंबर म्हणून माझा दिला होता.

दुपारी त्याच कॅप्टनसाहेबांचा फोन आला. मी तेव्हा एका ट्रॅक्टरचं मीटर उघडून बसलो होतो. उगाच कशाला लपवू? भवानीनगरचा गेणबा शुक्रवारी तो ट्रॅक्टर बघायला येणार होता. ट्रॅक्टर चालला होता बावन्नशे तास, आणि मी आकडे मागं फिरवून अठ्ठावीसशेवर आणत होतो. आमच्या धंद्यात बरेच जण हे करतात आणि गिऱ्हाइकालाही ते माहीत असतं. ते मीटर बघतं, मनातल्या मनात त्यात दोन हजार मिळवतं आणि मग बोलायला लागतं. त्यामुळं यात कुणी कुणाला फसवतंय असं मला कधी वाटलं नव्हतं.

साहेबांनी आपली ओळख सांगितली. रुक्सारचा फोन लागत नव्हता, ती विमान घेऊन वर गेली असावी. म्हणून त्यांनी मलाच विचारलं, मुलीचे तास किती झालेत? माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. समोरचा माणूस तास विचारतोय आणि आपली पोर त्याला पसंत पडायला हवी, एवढंच माझ्या डोक्यात आलं. बाकीचं जिभेनं सवयीनं केलं.

"फार न्हायत, साहेब," मी म्हणालो. "सव्वाशेच्या आतबाहेर आसतील."

साहेब नुसते 'हं' म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. चांगलं काम केलं या समाधानात मी चहा मागवला.

गुरुवारी सकाळी रुक्सारचा फोन आला. ती ओरडली नाही, हळू आवाजात एकेक सांगत गेली. तिच्या फॉर्मवर एकशे एक्क्याण्णव आणि बापाच्या तोंडी सव्वाशे, म्हणजे पोरीनं सहासष्ट तास वाढवून लिहिले असा साहेबांचा समज झाला होता. तिचं नाव त्यांनी बाजूला काढलं होतं आणि यादी त्याच संध्याकाळी जाणार होती. नाव गेलं तर गेलंच, शिवाय खोटे तास लिहिणारी हा शिक्का बसणार होता.

मी विचारलं, तास वाढवून कोण कशाला लिहील? तर असे लोक असतात म्हणे. उडायचं कमी आणि लिहायचं जास्त. मला काही सुधरेना. लबाडी मागच्या दिशेनं करतात एवढंच मला माहीत होतं. ती पुढच्या दिशेनंही होते हे मी आज ऐकत होतो.

मोटारसायकल काढली आणि तडक बारामती गाठली. साहेबांच्या घरी बैठकीच्या खोलीत रुक्सार आधीच बसली होती, मांडीवर तिची तासांची वही घेऊन. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मी आधी, तेवीस वर्षं नुसते ट्रॅक्टर खोलतोय, मला आकड्यांतलं काही कळत नाही, असं म्हणून बघितलं. तेवीस वर्षं धंदा करणाऱ्याला आकडे कळत नाहीत का, असं साहेबांनी शांतपणे विचारलं. मग नीट ऐकू आलं नव्हतं म्हणालो. त्यावर त्यांनी घड्याळाकडं बघितलं. मी जितकं सावरायला जात होतो तितकी पोर खोटी पडत होती. तिच्या कानशिलाजवळची शीर उडताना मला दिसली आणि मला माझीच लाज वाटली.

"साहेब," मी म्हणालो, "मी मीटर मागं फिरवणारा मानूस हाय. परवा तुमचा फोन आला तवा भवानीनगरच्या गेणबाला दावायच्या ट्रॅक्टरचं मीटर माझ्या हातात उघडं हुतं. तुमी तास इचारलं आनि माझ्या तोंडानं आपसूक कमी केलं. म्या आजवर कुनाचंच तास खरं सांगितलं न्हायती. पोरीनं लिवल्यालं खरं हाय."

मग साहेबांनी हसू दाबलं की राग, ते मला कळलं नाही. त्यांनी रुक्सारची वही घेतली आणि ते तिला घेऊन विमानतळावर गेले. मी मागोमाग गेलो. प्रत्येक विमानाची स्वतःची एक वही असते, हे मला तिथं कळलं. कोण उडालं, कधी वर गेलं, कधी उतरलं, सगळं त्यात असतं. साहेबांनी रुक्सारच्या वहीतली वीसेक उड्डाणं कुठूनही निवडली आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. मिनिटाचासुद्धा फरक निघाला नाही.

नाव यादीत परत गेलं. निघताना साहेब मला म्हणाले, "विमानाची वही होती म्हणून मुलगी वाचली. नुसत्या तुमच्या शब्दावर मी ठेवली नसती."

बाहेर आल्यावर मला वाटलं रुक्सार आता रडेल किंवा भांडेल. तिनं वही पिशवीत घातली आणि विचारलं, "अब्बा, गेणबातात्याच्या ट्रॅक्टरचं तास किती?"

"अठ्ठावीसशे," मी म्हणालो.

ती तशीच बघत राहिली. मग मी खाली बघून खरा आकडा सांगितला.

शुक्रवारी पहाटेच शेडवर गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मीटर पुढं फिरवलं. बावन्नशेवर आणून काच बसवली. दहा वाजता गेणबा आला. त्यानं रंगावरून हात फिरवला, टायर बघितले, मग मीटरवर वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"बावन्नशे दावतंय," तो म्हणाला. "म्हंजी सात हजार तरी झालंच आसतील."

मी सांगितलं की जेवढे दिसतात तेवढेच आहेत. तो हसला. मी शपथ घेतली, तसा तो हसायचा थांबला आणि एक पाऊल मागं सरला. शपथ घ्यावी लागते म्हणजे आठ हजारसुद्धा असतील, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"तात्या, खरंच बावन्नशे हायती."

"कशावरनं?" गेणबानं विचारलं.

मी शेडमध्ये चारी बाजूंना बघितलं. ट्रॅक्टर होता, मीटर होतं, मी होतो. दुसरी वही नव्हती.