हवापेटी आणि जनकाबाईंची परात

देऊळघाटात जनकाबाईंच्या परातीची झाली तेवढी चर्चा दुसऱ्या कुठल्या भांड्याची झाली नसेल. मेहकरहून लग्नात आलेली चांगली जाड पितळी परात, आणि नवऱ्याने, म्हणजे शंकररावांनी, ती एका लाकडी खोक्याला वायरने जोडून टाकली! त्यानंतर पाहुणे आले की जनकाबाई ताटात कणीक मळायच्या आणि मळता मळता नवऱ्याचा उद्धार करायच्या.

शंकररावांचं बुलढाण्याला स्टँडजवळ रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. एकदा उघडलेल्या रेडिओजवळ हात नेला, तर तो शिट्टी मारायला लागला. दुसऱ्या कुणी तो बिघाड काढून टाकला असता. शंकररावांनी तो जपला, वाढवला आणि बऱ्याच खटपटीनंतर त्याचं वाद्य केलं. परातीला शिवायचंसुद्धा नाही, नुसता तिच्यासमोर हवेत हात हलवायचा. हात जवळ गेला की सूर चढायचा, लांब गेला की उतरायचा. गावाने त्याला भुताची पेटी म्हणायला सुरुवात केली तेव्हा मात्र शंकरराव भडकले. "भूतबित काई नसते बे, वीज आहे थे!" त्यांनी स्वतः नाव ठेवलं हवापेटी.

पुढे गावच्या गायन पार्टीबरोबर ही पेटी भीमजयंतीला, लग्नांना, सगळीकडे जाऊ लागली. तिच्यामागे जनकाबाईही. कारण कार्यक्रम कुठेही असो, शंकरराव चारचौघांत म्हणायचे, "जनका, बाजूले बस. तू बसल्याशिवाय सूर लागत नाई." बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. जनकाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हाताऱ्याला लाज म्हणून नाही, असं पुटपुटत त्या बसायच्या, नवऱ्याच्या डाव्या हाताला, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ.

शंकरराव गेले आणि पेटी माळ्यावर गेली. ती खाली काढली नातीने. महामाया बुलढाण्याच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकत होती. तिने आतले दोन खराब झालेले पार्ट बदलले आणि पेटी बोलू लागली. सूर जुळवायच्या स्क्रूवर आजोबांनी मेण ओतून ठेवलं होतं. ते खरवडायला ती निघाली, तशा जनकाबाई कडाडल्या, "मेणाले हात लावशील तर पाहजो! थो सूर तुह्या आबानं बसवला."

महामायाचे वडील, जनकाबाईंचे चिरंजीव प्रेमानंद, बुलढाण्याला नोकरीला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "कॉलेजवाले मागून राह्यले. काचेच्या कपाटात ठेवतील, खाली बाबाचं नाव लिहितील. पौर्णिमेले विहारात नीट वाजली तर राहू दे घरी. नाई तर देऊन टाकू."

जनकाबाईंना ते कपाट नको होतं. कपाटातली पेटी म्हणजे मुकी पेटी. नवरा एकदा गेला तेवढं पुरे झालं होतं, त्याचा आवाजही घालवायचा नव्हता.

बुद्धपौर्णिमेला संध्याकाळी विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. जनकाबाई मात्र मागे दाराशी बसल्या. पेटीजवळची जागा नवरा असतानाची, आता तिथे बसून काय करायचं, असं त्यांना वाटे.

महामायाने हात हवेत धरला. खालचे सूर बरे लागले. पण गाणं चढायला लागलं तशी पंचाईत झाली. वरचा सूर यायच्या आधीच पोरीचा हात परातीला टेकायचा आणि पेटी किंचाळायची. एकदा झालं, दोनदा झालं. ढोलकीवरचे हिंमतराव हसू दाबत म्हणाले, "म्हाताऱ्यानं किल्ली संगंच नेली वाट्टे." प्रेमानंद खाली मान घालून बसले. महामायाचे डोळे भरून आले.

जनकाबाईंना ते बघवेना. त्यातून त्यांच्या लक्षात आलं, आपली परात तिरकी बसली आहे! त्या तरातरा पुढे गेल्या. "परात अशी ठेवते का व कोणी? सरळ कर तिले!" आणि पदराने तिची कड पुसायला पेटीच्या डाव्या बाजूला वाकल्या.

महामायाचा हात हवेतच होता. सूर आपोआप चढला.

परात सरळ करून जनकाबाई मागे सरकल्या. सूर उतरला.

"आजी, थांब! परत ये. बस इथं. हलू नको."

जनकाबाई बसल्या, नेहमीच्या जागी, गुडघ्याला गुडघा लावून. महामायाने पुन्हा सुरुवात केली आणि वरचा सूर स्वच्छ लागला, हात परातीपासून चांगला वीतभर लांब असताना. हिंमतरावांची ढोलकी मागोमाग धावली. सगळा विहार टाळ्या वाजवायला लागला.

गाणं संपल्यावर महामाया धापा टाकत म्हणाली, "आजी, नुसता हात नाई, जवळ जो बसन त्याचं अंगपण ह्या पेटीले समजते. आबानं तुले बाजूले बसवूनच सूर लावला न मग वरतून मेण ओतलं. तू नसली का पेटी अर्धी."

जनकाबाईंना नवऱ्याचे शब्द आठवले. तू बसल्याशिवाय सूर लागत नाई. जन्मभर त्या याला लाडीगोडी समजत आल्या, आणि हा माणूस सगळ्यांदेखत खरं तेच सांगत होता! त्यांना हसू आलं, हसता हसता रडू आलं, आणि दोन्ही पुसायला एकच पदर होता.

प्रेमानंद जवळ आले. "मंग कॉलेजवाल्याईले काय सांगू, माय?"

"सांग, कपाट मोठं करा म्हणा," जनकाबाई म्हणाल्या. "मलेही बाजूले बसा लागते."

विहार हसून हसून लोटपोट झाला. जनकाबाईंनी गुडघा थोडा आणखी पुढे सरकवला आणि नातीला म्हणाल्या, "पाहून काय राह्यली व? वाजव."