डबा रिकामा देऊ नये

देविका कर्णिकला कौन्सिलचे एक्केचाळीस नियम पाठ होते, आणि ते आपल्याला पाठ आहेत हे चारचौघांना कळेल याचीही ती नीट काळजी घ्यायची. बाकीच्या मुली नियम चुकल्यावर वाचत. देविका आधी वाचायची, मग कोण चुकतंय याची वाट बघत बसायची. अशी माणसं संस्थेला लागतात. ती आवडतात कुणाला, हा प्रश्न वेगळा.

मँचेस्टरच्या त्या युनिव्हर्सिटीत मुलींची पाच हाउसेस होती. हाउस म्हणजे एकमेकींना बहिणी म्हणवून घेणाऱ्या, एका छपराखाली राहणाऱ्या आणि फ्रिजमधल्या दुधावर स्वतःचं नाव लिहून ठेवणाऱ्या मुलींचा गट. या पाचांवर सिस्टर्स कौन्सिल. प्रत्येक हाउसच्या दोन डेलिगेट, एक मुख्य आणि तिच्या जागी बसणारी एक ऑल्टरनेट; मत मात्र दोघींत मिळून एक. चेअर निवडून येत नसे. सगळ्यांत जुन्या हाउसपासून सुरुवात करून दर वर्षी एका हाउसची टर्न, आणि त्या हाउसची मुख्य डेलिगेट वर्षभर खुर्चीत. भांडणं होऊ नयेत म्हणून ही पद्धत पाडली म्हणे. त्यामुळे एवढंच झालं की भांडणं वर्षभर आधी सुरू व्हायला लागली.

देविकाचं हाउस 'मैत्रेयी', सगळ्यांत धाकटं. पुण्या-नागपूरकडून शिकायला आलेल्या चार मुलींनी पाच वर्षांपूर्वी शहराच्या रशोम भागातल्या एका भाड्याच्या घरात सुरू केलेलं. त्याची पहिली टर्न या नोव्हेंबरात यायची होती. ती आली नाही तर हाउस उरणारच नव्हतं, कारण हॉलिन हाउसने एक ठराव तयार ठेवला होता: वीसपेक्षा कमी मुली असलेलं हाउस बरखास्त करावं. मैत्रेयीत सतरा होत्या. कौन्सिलमध्ये अजेंडा चेअर ठरवते आणि अजेंड्यावर नसलेल्या गोष्टीवर मत घेता येत नाही. खुर्चीत देविका बसली तर ठराव वर्षभर बाहेर, आणि तेवढ्यात आणखी तीन मुली मिळवणं अशक्य नव्हतं. मैत्रेयीची टर्न चुकली तर खुर्ची फिरून पुन्हा पहिल्या हाउसकडे, म्हणजे हॉलिनकडे. हॉलिनची मुख्य डेलिगेट होती शाल्मली देव.

शाल्मली इंग्लंडातल्याच लेस्टरची. वडील डॉक्टर, आई कोल्हापूरची. तिथल्या देशी वस्तीत, बेलग्रेव्ह रोडवर लहानाची मोठी झालेली ही मुलगी मैत्रेयीत न जाता हॉलिनमध्ये गेली, याचा राग मैत्रेयीतल्या मुलींनी कधी सोडला नाही, आणि मैत्रेयीने आपल्या मराठीला पहिल्याच चहाला हसून दाखवलं हे शाल्मली कधी विसरली नाही. हसणाऱ्यांत देविका पहिली होती.

तर त्या वर्षी दिवाळी नुकतीच झाली होती. नव्या मुलींसाठी पाचही हाउसेसचे चहापानाचे कार्यक्रम आटोपले आणि क्वाएट वीक सुरू झाला. या सात दिवसांत नव्या मुलीने आपली पसंती लिहून द्यायची आणि कुठल्याही हाउसमधल्या कुणीही तिच्याशी बोलायचं नाही, मेसेज करायचा नाही, तिला भेटवस्तू द्यायची नाही. मैत्रेयीच्या चहाला तनिषा नावाची एक फर्स्ट इयरची मुलगी आईने पाठवलेल्या चकल्या स्टीलच्या डब्यातून घेऊन आली होती. चकल्या संपल्या, डबा राहिला. बुधवारी दुपारी तनिषाने बेल वाजवली आणि दारात उभी राहून हातांनीच डब्याचा आकार करून दाखवला.

दार सुप्रभाने उघडलं होतं. सुप्रभा जगदाळे, साताऱ्याची, सप्टेंबरातच आलेली, हाउसमधली सगळ्यांत लहान. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि स्वयंपाकघरात धावली. देविकाने डबा घासून पालथा घातला होता. तो पुसून सुप्रभा निघणार, तोच देविकाने तिचा हात धरला.

"थांब गं, रिकामा कसा देतेस?" ती म्हणाली, आणि ओट्यावरच्या बरणीतले सहा रव्याचे लाडू तिने डब्यात भरले. झाकण लावून डबा सुप्रभाच्या हातात दिला. "एक शब्दही बोलायचा नाही हं."

सुप्रभा बोलली नाही. डबा दिला, मान हलवली, दार लावलं. मग दोघी स्वयंपाकघरात पोट धरधरून हसल्या, की आपण मौन किती कडक पाळलं! एक्केचाळीस नियम पाठ असलेल्या बाईच्या डोक्यात भेटवस्तूचा नियम आलाच नाही, कारण तिच्या लेखी ती भेटवस्तू नव्हतीच. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नसतो, यात देणंघेणं ते काय?

शुक्रवारी रात्री क्वाएट वीक संपला आणि शनिवारी सकाळी तक्रारीची ईमेल आली. सोबत उघड्या डब्याचा फोटो, सहाही लाडू शाबूत, आणि तनिषाचं दोन ओळींचं निवेदन: बुधवारी अडीच वाजता मैत्रेयीच्या दारात सुप्रभाने मला हा डबा दिला. तक्रारदार, शाल्मली देव.

देविकाच्या तोंडचं पाणी पळालं. मग संताप आला, आणि संताप घेऊन ती बस पकडून थेट स्टुडंट्स युनियनच्या पायऱ्यांवर गेली. शाल्मली तिथे कॉफी पीत बसली होती.

"तनिषाला तू पाठवलंस."

"मी ओन्ली सांगितलं, ते पण क्वाएट वीकच्या आधी, तुझा डबा तिकडे आहे, वेन्सडेला घेऊन ये," शाल्मली म्हणाली. "इट्स हर डबा."

"क्वाएट वीकमध्ये? तुला माहीत होतं आम्ही तो रिकामा देणार नाही."

"ऑफ कोर्स माहीत होती. माझी आई पण देत नाही." शाल्मलीने कपाचं झाकण लावलं. "देविका, रूल तुला सगळे पाठ आहेत ना? तू मला फर्स्ट इयरला काय म्हणाली होती? आधी लिंग सुधार, मग आमच्यात ये. मी सुधारली नाही. पण रूल वाचले."

"अगं, एवढ्याशा गोष्टीसाठी तू अख्खं हाउस बुडवणार?"

"तुमची हाउस लहान आहे, त्यात माझा काय चूक?"

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. देविकाला तिच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. तसं केलं तर बाविसावा नियम लागतो, हेही तिला त्याच क्षणी आठवलं, म्हणून ती परत फिरली.

तक्रार खोटी नव्हती, त्यामुळे नाकारता येत नव्हती. नियम असा होता: हाउसच्या हातून आगळीक झाली तर हाउसने दोनपैकी एक करावं. जिने ती केली तिचं नाव कौन्सिलच्या चौकशी बोर्डापुढे द्यावं. तिला कौन्सिलच्या यादीतून काढलं जाईल आणि हाउस निर्दोष राहील. नाव दिलं नाही तर दोष हाउसचा, आणि टर्न गेली. यादीतून काढलेल्या मुलीला शिक्षण संपेपर्यंत कुठल्याच हाउसमध्ये जागा नाही. खोली महिन्याभरात सोडायची.

रविवारी दुपारी मैत्रेयीच्या स्वयंपाकघरात तिघी बसल्या: देविका, सुप्रभा, आणि ऑल्टरनेट डेलिगेट आश्लेषा. आश्लेषा आणि देविकाचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. मुख्य डेलिगेट कोण, यासाठी हाउसमध्ये मतदान झालं तेव्हा आश्लेषा एका मताने हरली होती, आणि त्या दिवसापासून देविका बोलायला लागली की ती फोनमध्ये बघायची.

आज तिने फोन पालथा ठेवला होता. "यात डिस्कस करण्यासारखं काय आहे? लाडू तू भरलेस. तुझं नाव दे. तू जाशील, चेअरवर मी बसेन, ठराव मी अडवेन. हाउस वाचलं."

"म्हणजे खुर्ची तुझ्या घशात."

"हाउसच्या टर्नची खुर्ची आहे, देविका. तुझ्या बाबांनी घेऊन दिलेली नाही."

"तू शाल्मलीसमोर दोन मिनिटं टिकणार नाहीस. पहिल्याच मीटिंगमध्ये ती तुला गुंडाळेल."

"हे तू मला सांगतेस? सहा लाडवांत गुंडाळली गेलीस तू."

तीन वर्षं देविकाने या हाउससाठी हाडाची काडं केली होती. चहापानं तिने केली, मुली तिने जमवल्या, हॉलिनचे टोमणे तिने ऐकले. आणि आता खुर्ची चार पावलांवर आल्यावर ती हिला द्यायची? हिने आजवर साधी एक पणतीसुद्धा लावली नव्हती.

तेव्हा सुप्रभा बोलली. ती इतका वेळ सिंकपाशी उभी राहून धुतलेलेच कप पुन्हा धूत होती.

"डबा तर मीच दिला ना, देविकाताई. तनिषाने पण माझंच नाव लिहिलंय. माझं सांगितलं तरी चालेल."

"वेडी आहेस का?" आश्लेषा ताडकन म्हणाली. "तुला राहायला कुठे जागा आहे? अजून हीटिंग कसं लावायचं ते कळत नाही तुला."

"बघेन काहीतरी," सुप्रभा म्हणाली आणि देविकाकडे पाहत राहिली.

देविकाने तिच्या नजरेला नजर दिली नाही. "उद्या बघू," ती म्हणाली. पण मनात तिचं ठरून गेलं होतं. रात्रभर ती स्वतःला समजावत होती, असं नाही. तिला चांगली झोप लागली. प्रश्न काय विचारतील हे तिला माहीत होतं, आणि त्याचं खरं उत्तरही तिच्यापाशी होतं.

सोमवारी तीन वाजता युनियनच्या दुसऱ्या मजल्यावर बोर्ड बसलं. तक्रारीशी संबंध नसलेल्या तीन हाउसेसच्या तीन डेलिगेट, प्रमुख इमोजन नावाची एक उंच, कंटाळलेली मुलगी. एका बाजूला शाल्मली, दुसऱ्या बाजूला देविका आणि आश्लेषा. सुप्रभाला बाहेर कॉरिडॉरमध्ये बसवलं होतं. त्याच बैठकीत खुर्ची बदलायची होती, त्यामुळे सगळ्यांना लवकर आटपायचं होतं.

इमोजनने तक्रार वाचली, फोटो फिरवला आणि विचारलं, "डबा कँडिडेटला कुणी दिला?"

भरला कुणी, असं तिने विचारलं नाही. तिला काय ठाऊक, की डबा देणारी वेगळी आणि भरणारी वेगळी असते!

"सुप्रभा जगदाळे," देविका म्हणाली.

आश्लेषाने झटकन मान वळवली. तिचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ती आता काही बोलली असती, तर हाउसने बोर्डापुढे खोटं सांगितलं असं ठरलं असतं, आणि त्याला शिक्षा एकच होती, टर्न जाणं. एकोणिसावा नियम. देविकाने तो आदल्या दिवशी पुन्हा वाचून ठेवला होता.

"हाउस तिचं नाव काढायला तयार आहे?"

"हो."

तीन हात वर झाले. मैत्रेयी निर्दोष. चार मिनिटांत मावळती चेअर उठली, आणि देविका कर्णिक हाउसची पाच वर्षांची वाट संपवून त्या खुर्चीत बसली. तिने पहिला कागद उचलला. हॉलिनचा ठराव या वर्षीच्या अजेंड्यावर नाही, असं जाहीर केलं. आवाज अजिबात हलला नाही. आपण यासाठीच जन्मलो आहोत असं तिला वाटलं, आणि ते फारसं चूकही नव्हतं.

शाल्मली हरली होती, पण तिच्या चेहऱ्यावर तसं काही दिसेना. ती पुढे झुकून हळूच मराठीत म्हणाली, "आय न्यू, तू भरले असणार. त्या लहान मुलीला एवढं डेअरिंग नाही. तू आमच्या हाउसमध्ये पाहिजे होती."

देविकाने कागद सारखे केले.

एक काम राहिलं होतं. यादीतून नाव काढल्याचा निर्णय त्या मुलीला समोर बोलावून चेअरनेच वाचून दाखवायचा असतो. सुप्रभा आत आली. बाहेर पाऊस नव्हता तरी तिने अंगातलं मोठं जॅकेट काढलेलं नव्हतं. तिला बहुतेक वाटलं होतं की लगेच देविकाताईबरोबर घरी जायचं आहे. खुर्चीत देविकाला बसलेलं पाहून ती हसली. अगदी मनापासून, दोन्ही हात छातीशी धरून हसली. काम झालं, ताई चेअर झाली, एवढंच तिला कळलं होतं.

मग देविकाने वाचलं. तीन वाक्यं होती. नाव, कारण, आणि खोली सोडायची तारीख.

सुप्रभाने ऐकून घेतलं. तिचे हात खाली आले.

"ताई," ती म्हणाली, "मी चालेल म्हटलं होतं. पण मला वाटलं होतं, तू नको म्हणशील."

आश्लेषा खिडकीकडे बघत होती. शाल्मलीने मान खाली घातली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने देविकावरची नजर काढली. त्या खोलीत मराठी कळणाऱ्या चौघी होत्या आणि चौघींना ते कळलं.

इमोजनने पेन उचललं. मुलीने काही म्हटलं असेल तर ते नोंदवावं लागतं. "व्हॉट डिड शी से?"

एक क्षण देविकाला वाटलं, उठावं. खुर्ची मागे सारावी आणि सांगून टाकावं, लाडू मी भरले. सुप्रभाही तिच्या तोंडाकडे अशी बघत होती, की अजूनही ती तेच म्हणेल. मग तिचा हात अजेंड्याच्या कागदावर आला आणि तिथेच राहिला.

"शी अ‍ॅग्रीज," चेअर म्हणाली.

इमोजनने तसं लिहून घेतलं आणि पुढचा विषय कोणता ते विचारलं.